गड कोठून पाहावा?

जर्मनीतील ऱ्हाईन नदी बिंगेनपासून कोब्लेन्ट्सपर्यंत डोंगरांच्या कुशीतून वाहते. त्या डोंगरांवर मध्ययुगीन गढ्यांची जणू रांगच उभी आहे. प्रवासी बोटीवर निवांत बसून त्या पाहतात व हरखून जातात. परंतु यांतील कित्येक गढ्यांचा खरा व्यवहार जकातीचा होता. मालवाहू नाविक एका गढीखाली कर भरून सुटला, की थोड्याच अंतरावर दुसरी आडवी येई. काही सरदारांनी तर उघड लूटच मांडली. १२८२ मध्ये राजा रुडोल्फ याने राइशेनस्टाइन व सोनेक या गढ्या पाडविल्या. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या राजपुत्रांनी अशाच काही पडक्या गढ्या हौसेने पुन्हा उभारल्या. धाकाचे स्थान शोभेचे स्थान झाले.

जे एके काळी जुलमाचे साधन होते, त्याच्या दर्शनाने होणारा आनंद निर्दोष मानावा काय? एक पक्ष म्हणेल, दगडाला पाप नसते आणि काळ सर्व काही धुऊन टाकतो. दुसरा म्हणेल, वेदनेवर उभारलेले सौंदर्य हे सौंदर्यच नव्हे. दुसरा पक्ष शेवटास नेला तर जगातील फार थोड्या वास्तू पाहण्याजोग्या उरतील. पहिला नेला तर स्मृती केवळ गडावरच्यांची उरेल, नाविकाची नाही.

रायपुरात राहणाऱ्या मराठी माणसास हा प्रश्न परका नाही. या प्रांताचे नावच गडांवरून पडले, असे परंपरा सांगते: शिवनाथ नदीच्या उत्तरेस रतनपूरच्या कलचुरींचे अठरा, दक्षिणेस रायपूर शाखेचे अठरा. चैतुरगडासारखा एखादा गड खरोखर डोंगरमाथ्यावर आहे. मल्हार येथे मातीचा कोट व खंदक आहे. पण येथे ‘गड’ म्हणजे मुख्यतः चौऱ्यांशी गावांचा कारभारी विभाग. महानदीतून नाव हाकीत गेलो, तरी ऱ्हाईनचा देखावा दिसावयाचा नाही. येथील गड दगडांत कमी आणि वसुलीच्या वहीत अधिक होता.

त्या वहीत आपलेही हस्ताक्षर आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत याने रतनपूर घेतले व त्या नगरावर एक लाख रुपयांचा दंड बसविला. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले तेथे राहिले. रामटेकडीवरील राममंदिर त्यांचेच. ते या भूमीत वसले, तिचे झाले. त्यांच्यामागून मात्र सुभेदारांचा अंमल आला आणि वसुली हेच कारभाराचे मुख्य अंग बनले.

२०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा आपला ऊर भरून आला. तो यावा हेच योग्य. पण रायगड आपण बांधला नाही, तरी त्याचा अभिमान आपला. मग रतनपूरचा दंड आपण बसविला नाही, एवढ्यावरून त्याची आठवण परकी कशी ठरेल? वारसा ही केवळ जमेची बाजू असलेली वही नव्हे. पूर्वजांच्या कृत्याबद्दल शिक्षा भोगावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु अभिमान घ्यावयाचा आणि स्मरण नाकारावयाचे, हा व्यवहार सचोटीचा नव्हे.

या प्रश्नाचा निकष आपल्याच परंपरेत आहे. १६७३ मध्ये चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पत्र लिहिले. रयतेच्या दाणागोट्याला, भाजीपाल्याला हात लावू नका, लागेल ते बाजारातून विकत घ्या, अन्यथा लोकांना मोगलच बरे वाटू लागतील, असा त्याचा आशय. राज्याचा पराक्रम पायथ्याच्या झोपडीत मोजावा, हे त्यांनी जाणले होते. त्या मापाने रायगड उंच आहे. त्याच मापाने सुभेदारांचा रतनपूर खुजा ठरतो. माप एकच ठेवले की अभिमानही खोटा पडत नाही आणि स्मरणही कडवट होत नाही.

म्हणून गडाच्या दर्शनाचा आनंद सोडावयास नको. उभे राहण्याची जागा मात्र बदलावी. बोटीवरील प्रवाशाच्या खुर्चीतून नव्हे, जकात भरणाऱ्या नाविकाच्या वल्ह्याजवळून गड पाहावा. परप्रांतात अधिकारपदावर बसलेल्यांना याची गरज थोडी अधिकच. मेजापलीकडे अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आपली खुर्चीही गडासारखीच दिसत असते. तो गड आश्रयाचा की जकातीचा, हे त्यालाच ठाऊक असते.