सोशिकपणाचा आकडा

माणसाने परिस्थितीपुढे वाकावं, की परिस्थितीला वाकवावं? या विषयावरची व्याख्यानं नेहमी चहापाशी संपतात, कारण अध्यक्षांना दोन्ही बाजू पटलेल्या असतात. मला बी.कॉम.ला तत्त्वज्ञान नव्हतं. जे काही कळलं ते पेट्रोलवरून.

जास्त ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे जास्त ताकदीचं, अशी पंपावर पैसे मोजणाऱ्या पुष्कळांची समजूत असते. तसं काही नाही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा सोशिकपणा. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण शिरतं, पिस्टन ते दाबतो, मग ठिणगी पडते. दहा वाट्या मिश्रण एका वाटीच्या जागेत कोंबलं, की कॉम्प्रेशन दहास एक. गणपतीत एसटीने कोकणात उतरलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको! जितकं दाबावं तितकी ताकद जास्त. पण दाबलेलं मिश्रण तापतं, आणि कमी सोशिक असलं तर ज्योत पोचण्याआधीच त्याचा एखादा कोपरा आपणहून भडकतो. याला नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिलं तर पिस्टनला भोकही पडतं. साहेब दहास एक असला तर हाताखाली अठ्ठ्याण्णव ऑक्टेनचे कारकून लागतात. आम्ही सत्त्याऐंशीवाले. खुळखुळणारच.

आपली अँबॅसेडर यात शहाणी. कॉम्प्रेशन सातच्या आसपास, मिळेल ते पेट्रोल गोड मानून घेणार. कुणाला मागे टाकायची तिला कधी हौस नव्हती.

याच्या उलट आमच्या ओळखीच्या एका शेठची शेवरोले इंपाला. साठच्या दशकातली, आठ सिलिंडरची, कॉम्प्रेशन दहाच्या वर. शेठ मुंबईचे, वाडी किहीमला. 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, तेव्हापासून इंपाला बोटीत बसून येते. दुसऱ्या वर्षी तिच्यातून पेणला निघालो, तर समुद्र आरामात ओलांडून आलेली ही बाई कार्लेखिंडीच्या चढाला कुरकुरायला लागली. पत्र्याच्या डब्यात सुपाऱ्या खुळखुळवाव्यात तसा आवाज.

"पेट्रोलच भिकार," शेठ म्हणाले.

"पेट्रोलला काय झालेलं नाय शेठ," मेस्त्री म्हणाला, "तुमचं इंजीनच लय दाबतंय."

त्याने दोन उपाय सांगितले. ठिणगीचं टायमिंग थोडं मागे घ्यायचं, नाहीतर खोलगट पिस्टन घालून कॉम्प्रेशनच उतरवायचं. शेठनी टायमिंगला नाइलाजाने मान डोलावली, पिस्टनला हात लावू दिला नाही. "मग ती इंपाला कसली?"

मला हे पटलं होतं. पंपावर जे मिळतं त्या मापाने प्रत्येकाने आपला जोर उतरवून घ्यायचा, तर जगात सगळ्या अँबॅसेडरच राहतील. पण कारकुनाची खोड वाईट. हा ताठा कुणाच्या खात्यावर चालला होता, ते मी पाहिलं.

1921 मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली या संशोधकाला सापडलं, की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग किंचित घातलं तर ते दाब निमूट सोसतं. स्वस्त सोशिकपणा मिळाल्यावर इंजिनांनी दाब चढवत नेला. शिसं विषारी, हे तेव्हाही ठाऊक होतं. ते धुराड्यातून बाहेर पडलं, श्वासातून पोरांच्या रक्तात गेलं आणि त्यांच्या बुद्धीला कुरतडत राहिलं. जमा इंजिनाच्या नावे, नावे रस्त्याकडेच्या पोरांच्या. तरी ताळेबंद जुळत होता, कारण पोरांचं खातंच उघडलेलं नव्हतं! शेवटी 1971 च्या मॉडेलांपासून त्याच जनरल मोटर्सने आपल्या इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. इंपालासुद्धा वाकली. आपल्याकडे शिशाचं पेट्रोल 2000 साली बंद झालं. सगळ्यात शेवटी अल्जीरियात, 2021 मध्ये.

हे शेठना सांगितलं. ते बराच वेळ बॉनेट पुसत राहिले. मग म्हणाले, "आमच्या वडिलांच्या वेळची गोष्ट आहे ही." वडिलांच्या वेळच्या ठेवी मात्र वारसाला व्याजासकट लागतात, हे मी बोललो नाही. शेठ खातेदार आहेत.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. मूळचं ऊस नाहीतर धान्य. त्याने ऑक्टेन पंचाण्णवपर्यंत चढलंय. लिटरमागे गाडी थोडी कमी धावते खरी, पण शिशाशिवायचा सोशिकपणा इंपालाच्या दारात आला आहे. फक्त हे इथेनॉल जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या खातं. मेस्त्री परवाच नळ्यांचं माप घेऊन गेला.