दुसऱ्याच्या आज्ञेने चालणारा हात

जो मनुष्य दुसऱ्याने आखून दिलेले काम करितो, त्याच्या माथी त्या कामाच्या बऱ्यावाईटाचा वाटा किती येतो? शिपाई, कारकून, गडीमाणूस ह्या सर्वांस हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, आणि बहुतेक जण "मी तर हुकुमाचा ताबेदार" असे म्हणून त्यातून सुटतात. आज वाचकांपुढे असा एक धंदा ठेवावयाचा आहे की, ज्यात हे उत्तर चालत नाही. तेथे हुकूम एकाचा असतो, हात दुसऱ्याचा असतो, आणि त्या हाताखाली तिसऱ्याच एका मनुष्याचे दुखरे अंग असते.

भौतिकोपचार, ज्यास दवाखान्यात फिजिओथेरपी म्हणतात, ही विद्या आपणांस अगदीच अपरिचित नसेल. हाड सांधल्यावर आखडलेला गुडघा, पक्षाघाताने लुळा पडलेला हात, पोलिओने बारीक झालेला पाय, ह्यांस व्यायाम, मर्दन, शेक, वीज इत्यादी उपायांनी पुन्हा कामास लावणे हे तिचे कार्य. मुंबईस के. ई. एम. रुग्णालयात १९५३ साली ह्या विद्येची शाळा निघाली. अमेरिकेत मात्र पुढे तज्ज्ञाच्या हाताखाली एक निराळी पायरीच निर्माण करण्यात आली. तेथे १९६५ साली वृद्धांच्या औषधोपचाराचा कायदा झाला, रुग्णांची गर्दी वाढली व तज्ज्ञ अपुरे पडू लागले. तेव्हा १९६७ साली तज्ज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेने 'साहाय्यक' ह्या पदास मान्यता दिली. मायामी व मिनियापोलिस येथे पहिले अभ्यासक्रम सुरू झाले, आणि १९६९ साली पहिले १५ साहाय्यक शिकून बाहेर पडले. दोन वर्षांचे शिक्षण, मग परीक्षा व परवाना, असा आज त्यांचा क्रम आहे. रुग्णास पारखणे, उपचाराची योजना आखणे आणि ती बदलणे हा अधिकार तज्ज्ञाचा; ती योजना प्रत्यक्ष अंगावर उतरविणे हे काम साहाय्यकाचे.

ह्या शिक्षणाचा आरंभ पकडीपासून होतो. लुळा पाय उचलताना नवशिका विद्यार्थी तो बोटांच्या टोकांनी, चिमटीत धरल्याप्रमाणे धरितो. मनात भीती असते, आणि भीतीने बोटे रुततात. त्यास शिकवितात की, पूर्ण तळहात लाव, सांध्याच्या वर एक व खाली एक असा दोन्ही हातांचा आधार दे, अवयवाचे ओझे आपण घे, म्हणजे रुग्णाचे स्नायू विश्वासाने सैल पडतील. मग सांधा हळूहळू नेत नेत शेवटास काय लागते हे ओळखावयाचे. कोपर सरळ करिताना शेवटी हाडास हाड लागून कठीण अटकाव होतो. गुडघा वाकविताना मांसावर मांस दबून मऊ अटकाव होतो. घोटा वर ताणिताना चामडे ओढल्यासारखा चिवट अटकाव होतो. हे तिन्ही निरोगी शरीराचे होत. परंतु सांधा ठरल्या जागेच्या अलीकडेच एकाएकी घट्ट झाला, किंवा हातास काहीच अटकाव न लागता रुग्णच कळवळून "पुरे" म्हणाला, तर ते आतील बिघाडाचे चिन्ह समजावे. हे ज्ञान पुस्तकात लिहिता येते, पण पुस्तकातून येत नाही. विद्यार्थी एकमेकांचे खांदे, गुडघे धरून ते पुनःपुन्हा गिरवितात. आपल्याकडे हाडवैद्याच्या बोटांचे जे कौतुक होते ते काही अगदीच वावगे नव्हे. मात्र त्या बोटांस जाब विचारणारा वर कोणी नसतो.

आता यंत्रे व साधने ह्यांकडे वळू. ह्यांत सर्वांत साधी वस्तू म्हणजे ओल्या शेकाची पिशवी. ती सुमारे ७० ते ७५ अंश सेल्सियस उष्ण पाण्यात ठेविलेली असते, आणि अंगावर ठेविताना टॉवेलाचे सहा ते आठ थर मध्ये घालावे लागतात. रुग्णास तिच्यावर निजवू नये, कारण अंगाच्या भाराने थर दबतात व उष्णता एका जागी साचते. पाच मिनिटांनी उचलून कातडी पाहावी. त्याहीपूर्वी एक परीक्षा असते: एका काचेच्या नळीत ऊन पाणी, दुसरीत गार, रुग्णाने डोळे मिटावे आणि कोणती कोणती ते सांगावे. ज्यास सांगता येत नाही त्यास हा शेक देऊ नये. ध्वनिलहरींच्या यंत्राचेही असेच. त्याचे डोके कातडीवर सारखे फिरते ठेवावे लागते. एका जागी थांबले तर खालचे हाड तापून असह्य कळ येते. यंत्रास ही कळ कळत नाही. ठरविलेली मिनिटे संपेपर्यंत ते आज्ञाधारकपणे चालत राहते.

वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड आले. कुष्ठरोग्यांची बोटे आपोआप झडत नाहीत, तर वेदना नाहीशी झाल्यामुळे भाजणे, कापणे, घासणे कळत नाही व त्यातून ती नष्ट होतात, हे त्यांनी दाखवून दिले. वाकड्या झालेल्या बोटांकरिता ते एका स्नायूचा कंडरा काढून दुसऱ्या जागी जोडीत. परंतु शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम झाले असे नव्हे. जो स्नायू आजवर एक काम करीत आला त्यास दुसरेच काम शिकवावयाचे असते, आणि त्यास पुढे कित्येक आठवडे रोजचा व्यायाम लागतो. हे व्यायाम घेण्यासाठी तंत्रज्ञ तयार करावे लागले, व स्वतः तो रोग भोगलेले काही जणही हे काम शिकले. ज्या हातास ऊनगार कळत नाही, त्याच्याजवळ तापलेले मेण वा पाणी आणिताना रुग्णाच्या वतीने चटका ओळखणे हे साहाय्यकाचेच कर्तव्य होते. वरिष्ठाच्या लेखी आज्ञेत तेवढे कसे मावेल?

येथे कोणी म्हणेल, मग साहाय्यकाने आपल्या दयेस वाटेल तसे वागावे काय? नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण पाय वाकवू देत नाही, रडतो, हात जोडतो. त्याची कीव येऊन जो हात आखडता घेतो, तो त्यास जन्माचा ताठ गुडघा देतो. ही दया नव्हे. दुसऱ्याचे रडणे आपणांस सोसत नाही, एवढेच ते होय. उलट, "योजनेत लिहिले आहे" म्हणून जो खांदा रेटीतच राहतो, तो शेकाच्या पिशवीहून बरा कसा? माझ्या मते ह्या कोड्याचा उलगडा असा आहे: साहाय्यकास योजना बदलण्याचा अधिकार नाही, परंतु थांबण्याचा अधिकार आहे, आणि थांबून तज्ज्ञास कळविण्याचे कर्तव्यही आहे. आज्ञा पाळणाऱ्याचा विवेक येथेच राहतो. हा अधिकार लहान दिसतो खरा. पण कोणती कळ स्नायू ताणल्याची व कोणती काही फाटल्याची, हे ज्यास ओळखता येत नाही, त्यास थांबावयाचे कोठे हे कसे कळणार? म्हणून ह्या शिक्षणात पकड, परीक्षा व पाच मिनिटांनी कातडी पाहणे ह्यांस एवढे महत्त्व आहे. नीती येथे कसबापासून निराळी काढता येत नाही.

जगाचा हिशेब मात्र निराळा चालतो. २०२२ सालापासून अमेरिकेतील त्याच सरकारी योजनेत साहाय्यकाच्या हातून झालेल्या उपचाराचा मोबदला, तज्ज्ञाच्या हातून झाला असता जो मिळता त्याच्या ८५ टक्के दिला जातो. शिवाय पूर्वी खासगी उपचारगृहात साहाय्यक काम करीत असता तज्ज्ञ त्याच जागी हजर असावा असा नियम होता, तो २०२५ सालापासून सैल झाला. आता तज्ज्ञ दूर असला व फोनवर सापडला म्हणजे पुरते. ह्यात सोय आहे, दूरच्या खेड्यांचा फायदाही आहे. परंतु फोनवर सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्यास किती कळेल, हे सांगणाऱ्याच्या बोटांवर व शब्दांवर अवलंबून राहील. म्हणजे मोबदला घटला आणि भार वाढला.

आपल्या गावांत असा साहाय्यक कोठून येणार? येथे ते काम सून करिते, नातू करितो, शेजारचा तरुण करितो. पक्षाघात झालेल्या म्हाताऱ्यास उठवावयाचे म्हणजे लुळ्या हाताचे बखोट धरून ओढावयाचे, हा सर्वत्र परिपाठ. त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात; ओढल्याने सांधा निखळता होतो व महिनोन्महिने ठणकतो. काही घरी आढ्यास कप्पी बांधून दोराने तो हात वर ओढण्याचा व्यायाम चालतो. तोही ह्या खांद्यास बहुधा घातकच. खांद्याच्या फऱ्यामागे तळहात लावावा, हातास खालून आधार द्यावा आणि रुग्णास कुशीवर वळवून उठवावे. दवाखान्यातून घरी पाठविताना घरच्यांपैकी एकास जवळ बोलावून, त्याच्या हातावर आपला हात ठेवून ही पकड एकदा तरी करवून घ्यावी, आणि काय दिसले असता थांबावे व कोणास कळवावे तेही सांगावे. चित्रांचा नुसता कागद दिला तर तो तिसऱ्या दिवशी फळीवर डब्याखाली जातो.