फिर्याद आणि दाद

आपल्या मराठी कोर्टकचेरीची भाषा निम्म्याहून अधिक अरबी-फारसीतून आलेली आहे. वकील, अर्ज, जामीन, कैफियत, मुद्देमाल हे शब्द आता इतके घरचे झाले आहेत की त्यांच्या मुळाकडे कुणी पाहत नाही. त्यांतले दोन शब्द मला बरेच दिवस छळत आहेत. एक 'फिर्याद' आणि दुसरा 'दाद'. फिर्याद म्हणजे मुळात मदतीसाठी मारलेली हाक, आक्रोश. दाद म्हणजे इन्साफ. आपण कोर्टात दाद 'मागतो' आणि मुशायऱ्यात शेर आवडला की दाद 'देतो'. म्हणजे ऐकणाऱ्याने 'मी ऐकले, तुझे म्हणणे पोहोचले' अशी कबुली देणे हेही त्या शब्दात आहे. फिर्याद करायला एक माणूस पुरतो. दाद मिळायला मात्र समोर दुसरा माणूस असावा लागतो.

जिथे फिर्यादीला मुभा आहे, पण दादीची सोयच नाही, अशा समाजात फिर्याद करणे म्हणजे काय? तो शहाणपणा, भाबडेपणा, की जुलमी कायद्याला आपल्या हाताने दिलेली मान्यता? हा प्रश्न मला सुचला तो केपच्या वाचनातून.

कोकणातल्या आमच्या खाडीकाठच्या मुसलमान गावांना 'केप' हा शब्द परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी जिल्ह्यातली कोकणी मुसलमान माणसे पोटापाण्यासाठी केपटाऊनला गेली. कुणी दुकान टाकले, कुणी बोटीवर राहिले, कुणी तिथेच घर केले. आमच्याही घराण्यातला एकजण गेला होता. लहानपणी ऐकायचो की तिथे मशिदी आहेत, आपल्या रंगाची माणसे आहेत, पण बोलतात मात्र डचांसारखी भाषा. ही माणसे कोण, त्यांचे आजे-पणजे तिथे कसे पोहोचले, हे सांगणारे घरात कुणी नव्हते. मोठेपणी पुस्तकांत कळले की आमचे लोक तिकीट काढून गेले होते. ते लोक विकून नेले गेले होते.

डच कंपनीने १६५२ मध्ये केपला ठाणे घातले आणि काही वर्षांतच गुलाम आणायला सुरुवात केली. मादागास्कर, मोझांबिक, जावा-सुलावेसीची बेटे, सिलोन, आणि आपल्याकडचे बंगाल, मलबार, कोरोमंडल. गुलामाचे मूळ नाव गळून पडे आणि त्याच्यामागे गावाचे नाव लागे. 'व्हान बेंगालन', 'व्हान मलबार'. कंपनीने आपल्या गुलामांसाठी १६७९ मध्ये केपटाऊनमध्ये एक मोठी कोठी बांधली. ती इमारत आजही उभी आहे. इंग्रजांच्या काळात तिथून गुलाम हलवले गेले आणि पुढे त्याच भिंतींच्या आत वरिष्ठ न्यायालय भरू लागले.

आता कायद्याकडे येऊ. गुलाम ही मालकाची मालमत्ता. पण गुरेढोरे फिर्याद करत नाहीत, आणि केपच्या गुलामाला डचांच्या वेळेपासून फिर्याद करता येत असे. मालकाने बेसुमार मारले, उपाशी ठेवले, तर शहरात फिस्कलकडे आणि जिल्ह्यात लँडड्रोस्टकडे जाऊन सांगता येई. लँडड्रोस्ट म्हणजे आपल्या मामलेदारासारखा अंमलदार. १८०६ पासून केप कायमचे इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १८२३ मध्ये गव्हर्नर सॉमरसेट यांच्या जाहीरनाम्याने फटक्यांना पंचवीसची मर्यादा घातली. १८२६ मध्ये तर गुलामांसाठी 'पालक' नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमला गेला. पुढे त्याचे नाव 'संरक्षक' झाले. कागदावर पाहिले तर त्या काळातल्या कित्येक स्वतंत्र गरिबांनाही इतके दरवाजे उघडे नव्हते.

कागद बाजूला ठेवून वाट पाहू. शेतावरून जिल्ह्याच्या ठिकाणी जायला डोंगर ओलांडावे लागत. जवळ मालकाची चिठ्ठी नसेल तर तो पळालेला गुलाम ठरे, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचीच परवानगी हवी. पोहोचला तर लँडड्रोस्टच्या शेजारी हीमराडन बसलेले, म्हणजे आसपासचे प्रतिष्ठित शेतकरी, जे स्वतः गुलामांचे मालक. तक्रार खोटी ठरली तर तक्रारदारालाच फटके. आणि खरी ठरली तरी संध्याकाळी परत जायचे कुठे? त्याच घरी.

हे शेवटचे वाक्य लिहिताना मला केप आठवत नाही. नवऱ्याने मारले म्हणून चौकीत गेलेली, तिथून समजूत घालून परत पाठवलेली आपल्याच मोहल्ल्यातली बाई आठवते. ती गुलाम नाही, तुलना ताणू नये हे मला कळते. पण रात्री दार लावून घेतल्यावर काय होणार, हे तिलाही ठाऊक असते.

बोक्केवेल्डच्या डोंगराळ भागात एक शेत होते. त्याचे नाव हौडेनबेक. डच भाषेत याचा सरळ अर्थ 'तोंड बंद ठेव'. (ही गोष्ट एखाद्या कथाकाराने रचली असती तर आपण म्हटले असते, फार झाले.) तिथे गालांत नावाचा गुलाम होता. त्याचा मालक विलेम व्हान डेर मर्वे. दोघे लहानपणापासून एकत्र वाढलेले. मोठेपणी एकाच्या हातात चाबूक आला आणि दुसऱ्याच्या पाठीवर वळ. मालकाच्या मारानेच आपले मूल मेले असाही गालांतचा आरोप होता. तो तक्रार घेऊन गेला, एकदा नव्हे, अनेकदा. परतल्यावर मारच पदरी आला. त्यात इंग्रज सरकार गुलामांना सोडणार, पण मालक ती बातमी दाबून ठेवत आहेत अशी कुजबुज शेताशेतांतून फिरत होती. नवे वर्ष आले आणि काहीच झाले नाही. फेब्रुवारी १८२५ च्या सुरुवातीला गालांत आणि त्याच्या सोबत्यांनी बंदुका उचलल्या. व्हान डेर मर्वेसह तिघे गोरे मारले गेले. त्यांतला एक तर नुकताच आलेला शाळामास्तर होता. गालांतला फाशी झाली आणि त्याचे शिर खांबावर लावले गेले.

या खटल्याचे कागद टिकले म्हणूनच गालांतचे म्हणणे आपल्याला कळते. ज्याच्या तक्रारी कुणी नीट ऐकल्या नाहीत, त्याचा जबाब खुनानंतर सविस्तर लिहून घेतला गेला.

गालांतला मी वीर ठरवत नाही. त्या शाळामास्तराच्या बायकोपुढे उभे राहून तसे म्हणण्याची माझी हिंमत नाही. पण 'कायदा हातात का घेतलास? दाद मागायला दरवाजा उघडा होता ना?' हा प्रश्न मला हिंसेइतकाच अस्वस्थ करतो. तो विचारण्याचा अधिकार, आत काय होते हे ज्याने पाहिले आहे त्यालाच असू शकतो. गालांत त्या दरवाजाने आत जाऊन आला होता.

दरवाजा निव्वळ दिखाऊ होता असे म्हणणेही खोटे ठरेल. १८२२ मध्ये एका धर्मोपदेशकाच्या मुलाला, गेबहार्ट त्याचे नाव, गुलामाला मारहाण करून ठार केल्याबद्दल केपमध्ये फाशी दिली गेली. गोऱ्या समाजाला मोठा धक्का बसला. १८३१ मध्ये दिलेल्या शिक्षांची वही ठेवण्याची सक्ती झाली, तेव्हा स्टेलनबॉशचे मालक रस्त्यावर उतरले. वहीला माणूस इतका भितो तो उगाच नाही. आज दिलेला फटका उद्या कुणीतरी मोजणार, ही कल्पनाच त्यांना सोसवेना.

तरीही त्या वहीत एक फसगत होती. तीस फटके बसले म्हणून गुलाम तक्रार करतो तेव्हा पंचवीस रास्त आहेत हे तो कबूल करतो का? कायदा त्याला एवढेच विचारू देत होता की किती मारले. कोणत्या हक्काने मारले, हे विचारायला रकाना नव्हता. काही विचारवंत म्हणतात, अशी फिर्याद जुलमाला सभ्य करते. मला हे पटत नाही. ज्याची पाठ सोलली आहे त्याने आधी सगळ्या व्यवस्थेचे खंडन करावे आणि मग मलम मागावे, ही अपेक्षा आपण ओसरीवर बसून करतो. शिवाय डोंगर ओलांडून आलेला माणूस अंमलदारासमोर 'माझ्यावर अन्याय झाला' एवढे म्हणतो, तेव्हा आपण वस्तू नाही हे तो म्हणून गेलेला असतो. अंमलदाराने ते लिहून घेतले की सरकारी दप्तरानेही ते मान्य केलेले असते, त्याची इच्छा असो वा नसो.

शपथेचा प्रश्न तर थेट आपल्याशी येऊन भिडतो. केपच्या गुलामांत इस्लाम झपाट्याने पसरला होता. १७८० मध्ये तिदोर बेटावरून कैदी म्हणून आणलेल्या तुआन गुरूंनी रॉबेन बेटावर आठवणीतून कुरआन लिहून काढले आणि सुटल्यावर केपटाऊनमध्ये मदरसा काढला. गुलामांची मुले तिथे शिकली. अशा शहरात १८२३ च्या जाहीरनाम्याने गुलामाची साक्ष शपथेवर घ्यायची ठरवली ती बाप्तिस्मा झालेल्याची. कायदेशीर लग्नाची मुभाही त्यालाच. म्हणजे मार सगळ्यांच्या पाठीवर, शब्दाला वजन मात्र धर्म पाहून. मुस्लिम लग्नांना कायद्याची मान्यता नाकारणे घटनाबाह्य आहे, असे दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने म्हणायला २०२२ उजाडले.

यावर आपण फार छाती फुगवू नये. आपल्या फिकहमध्येही गुलामाची साक्ष बहुतेक मजहबांनी मानलेली नाही. हंबलींनी मानली, पण आपण सारे हंबली नाही. गुलामगिरीचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच मलिक अंबरचे नाव पुढे येते. हबशी गुलाम निजामशाहीचा वजीर झाला, खडकी वसवली, हे खरेच आहे आणि अभिमानाचे आहे. पण एकजण वजीर झाला म्हणजे बाकीच्यांना दाद मिळाली असे नव्हे. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. त्या बायकांची फिर्याद शोधायला जावे तर फार थोडे हाती लागते. त्यांच्याकडे गालांतच्या कामाचा नव्हता तसला दरवाजाही नव्हता.

ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द केली. कंपनीच्या ताब्यातला हिंदुस्थान त्यातून वगळला. इथे १८४३ चा कायदा यावा लागला. केपमध्ये १ डिसेंबर १८३४ ला सुटका जाहीर झाली आणि वर आणखी चार वर्षे 'उमेदवारी' म्हणून त्याच मालकांकडे राबावे लागले. भरपाई ठरली ती मालकांना, साऱ्या साम्राज्यात मिळून दोन कोटी पौंड. त्यासाठी काढलेले कर्ज ब्रिटिश सरकारने पुरते फेडले ते २०१५ मध्ये. केपच्या मालकांच्या वाट्याला सुमारे बारा लाख पौंड आले. प्रत्येक गुलामाची किंमत ठरवायला सरकारी माणसे शेतोशेत फिरली. पाठीवरचे वळ मोजायला कुणी आले नाही.

रक्कम ठरलेल्या किमतीहून कितीतरी कमी मिळाली, पैसे केपमध्ये न देता लंडनमध्ये घ्यायला लावले आणि मधल्या दलालांनी आपला हिस्सा कापून घेतला, अशी मालकांची फिर्याद होती. बोअर शेतकरी केप सोडून उत्तरेकडे का निघून गेले हे सांगताना इतिहासाची पुस्तके या फिर्यादीला आजही जागा देतात.