निरोप आणि निरोप्या

एकमेकांस प्रत्यक्ष न पाहणाऱ्या माणसांचा समाज हा खरा समाज होय काय? हा प्रश्न आता विद्यापीठांच्या ग्रंथालयांपुरता उरलेला नाही. आपल्या धर्मग्रामातील बहुतेक कुटुंबांच्या हातात तो मोबाईलच्या रूपाने येऊन पडला आहे. अमेरिकन लेखक हॉवर्ड राइनगोल्ड यांनी १९९३ साली या विषयावर ग्रंथ लिहिला, तेव्हा संगणकाच्या तारांनी जोडल्या गेलेल्या अपरिचितांमध्येही जिव्हाळा निर्माण होतो, आजारपणात धीर व अडचणीत साहाय्य मिळते, असे त्यांनी स्वानुभवाने सांगितले. पुढे २०११ साली शेरी टर्कल या विदुषींनी याच विषयाची दुसरी बाजू मांडली: माणसे सतत जोडलेली असतात आणि तरीही एकाकी असतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच या प्रश्नाचा विचार आपण आपल्या परिसराच्या अनुभवातून करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. न दिसणाऱ्या बांधवांशी नाते जोडणे ही संगणकाची देणगी नव्हे. ख्रिस्तसभेचा आरंभकाळच पत्रांनी बांधलेला आहे. ज्या कलस्सै नगरातील श्रद्धावंतांनी संत पौलाचे मुख कधी पाहिले नव्हते, त्यांनाही त्याने पत्र लिहिले व देहाने दूर असलो तरी आत्म्याने तुमच्याजवळ आहे, असे कळविले. आमच्या जिल्ह्याचा इतिहासही याची साक्ष देतो. आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अहमदनगर शहरात अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू केला. राहुरी तालुक्यातील केंदळ येथे १९०३ साली जर्मन येशूसंघीय धर्मगुरू हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ हे मासिक काढले. एका वाडीवर ज्या ओळी वाचल्या जात, त्याच दूरच्या दुसऱ्या वाडीवरही वाचल्या जात, आणि ज्यांची कधी गाठ पडणार नव्हती अशा माणसांना आपण एका घरचे आहोत, अशी जाणीव होई. छापील अक्षरांतून घडणाऱ्या अशा समाजांचे विवेचन बेनेडिक्ट अँडरसन या विद्वानाने १९८३ साली केले. ‘निरोप्या’च्या वाचकांना ते विवेचन ठाऊक असण्याचे कारण नव्हते, ते त्यांच्या अंगणातच घडत होते.

तेव्हा अदृश्यता हा दोष नव्हे. मग भेद कोठे आहे? आमच्या मते तो ‘निरोप्या’ या साध्या शब्दातच दडलेला आहे. निरोप म्हणजे मजकूर. निरोप्या म्हणजे तो मजकूर घेऊन येणारा माणूस. त्याला नाव असते, गाव असते, आणि निरोप खोटा निघाला तर त्याला जाब विचारता येतो. कलस्सैकरांस व इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांच्या शेवटी तुखिक याचा उल्लेख येतो. पौलाचे वर्तमान तो समक्ष सांगेल, असे तेथे म्हटले आहे. रोमकरांच्या पत्रात फिबी या भगिनीचा स्वीकार करा, अशी विनंती आहे. पत्राच्या मागे माणूस उभा असे. मासिकाच्या मागेही संपादक उभा असतो, त्याचे नाव अंकावर छापलेले असते. आज आपल्या हाती येणारा बहुतांश मजकूर मात्र असा आहे, की निरोप आहे आणि निरोप्या नाही. तो कोणी लिहिला, हे पाठविणारा सांगू शकत नाही, आणि विचारल्यास ‘आमच्याकडे आला, आम्ही पुढे धाडला’ असे उत्तर मिळते. हे उत्तर नैतिकदृष्ट्या पुरेसे आहे काय?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी काय घडले, ते वाचकांना स्मरत असेल. हा परिसर आमच्याच नाशिक धर्मप्रांतातील आहे. मुले पळविणारी टोळी हिंडत असल्याच्या अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून पसरल्या होत्या. आठवडी बाजाराच्या दिवशी तेथे आलेल्या, भिक्षा मागून उदरनिर्वाह करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने संशयावरून ठार मारले. ते निरपराध होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप चालविणाऱ्या कंपनीने भारतात एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येणार नाही, अशी मर्यादा घातली. मर्यादा योग्यच होती. पण असत्य पाच ठिकाणी पाठविल्याने सत्य होत नाही. यंत्र संख्या मोजू शकते. वजन सदसद्‌विवेकालाच करावे लागते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेतला पाहिजे. त्या जमावातील माणसे तर समोरासमोर होती. त्यांचे हात आभासी नव्हते. केवळ प्रत्यक्ष सान्निध्याने माणूस सज्जन होत असता, तर गावोगावीच्या भावकीतील वैरे कधीच मिटली असती. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. किंबहुना त्यातूनच या घटनेचा खरा अर्थ उमगतो. ज्याला कोणी पाहिले नव्हते, त्या अज्ञात लेखकाचा शब्द खरा मानला गेला, आणि जो समोर उभा राहून विनवीत होता, त्या माणसाचा शब्द खोटा ठरला. दूरच्याशी नाते जोडले गेले ते जवळच्याला परका करून. म्हणून कसोटी ‘दिसतो की दिसत नाही’ ही नव्हे. एखादा संबंध आपल्याला समोरच्या माणसाकडे नेतो की त्याच्यापासून दूर नेतो, ही खरी कसोटी होय.

या कसोटीवर पुष्कळ चांगलेही उतरते, हे नमूद करणे न्यायाचे होईल. आमचा जिल्हा अवर्षणाचा. पाथर्डीसारख्या तालुक्यांतून ऊसतोडीसाठी कुटुंबे दूर जातात. तरुण मुले पुण्या-मुंबईत नोकरी शोधतात. थळात राहणाऱ्या आईला गावी आजीजवळ ठेवलेल्या लेकराचे मुख रात्री पडद्यावर दिसते, तेव्हा त्याला आभास म्हणण्याचे धाडस कोण करील? नोकरीची वार्ता पुष्कळदा जिवलगांपेक्षा दूरच्या ओळखीतून मिळते, असे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ सालीच दाखविले होते. गरिबाच्या मुलाला अशी दूरची ओळख आज प्रथमच लाभत आहे. २०२० साली महामारीमुळे महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे मार्चपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बंद राहिली. त्या काळात पडद्यावरील मिस्साबलिदानाने कित्येक घरांतील प्रार्थनेचा दीप तेवत ठेवला.

परंतु तेवत ठेवलेला दीप आणि चूल यांत अंतर आहे. दिव्याने उजेड मिळतो, भाकरी भाजत नाही. व्हॅटिकनच्या समाजसंपर्कविषयक परिषदेने २००२ सालीच स्पष्ट केले होते, की इंटरनेटवर संस्कार नाहीत. स्नानसंस्काराला पाणी लागते, रुग्णाभ्यंगाला तेल व कपाळ लागते, ख्रिस्तप्रसादाला भुकेले मुख लागते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाने मिस्सा पडद्यावर पाहिली तर ती त्याची भक्ती. पण म्हणून ख्रिस्तप्रसाद घेऊन त्याच्या दारी जाण्याच्या कर्तव्यातून आपली सुटका होत नाही. धडधाकट माणसाने तीच सोय पत्करली, तर त्याच्या बाकावर शेजारी बसणारा एकटा पडतो.

याहून सूक्ष्म धोका दयेचा आहे. लूककृत शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाने काय केले, ते आपण पाहू. तो जवळ गेला, जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले, पदरचे पैसे दिले आणि परत येण्याचे वचन दिले. प्रत्येक कृतीत त्याचे काहीतरी खर्च झाले. आज कोणाच्या अपघाताची वार्ता आपण हळहळून पन्नास जणांना कळवितो आणि मनाला वाटते, आपण काही केले. वार्ता कळविणे निरर्थक नाही. तीमुळे एखाद्याला वेळेवर रक्त मिळते. पण ज्या दयेत आपले काहीच खर्च होत नाही, ती आपल्यालाच फसविते. याजक व लेवी वाटेच्या दुसऱ्या बाजूने निघून गेले. आपल्याला तेवढेही चालावे लागत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१९ सालच्या समाजसंपर्क दिनाच्या संदेशासाठी इफिसकरांच्या पत्रातील वचन निवडले: आपण एकमेकांचे अवयव आहोत. त्या वचनाचा पूर्वार्ध विसरू नये. असत्य टाकून प्रत्येकाने शेजाऱ्याशी सत्य बोलावे, कारण आपण एकमेकांचे अवयव आहोत, असा त्याचा क्रम आहे. डोळा पायाशी खोटे बोलला तर सारा देह खड्ड्यात पडतो.

कुटुंबप्रमुखांना व विशेषतः तरुणांना आमची विनंती एवढीच, की प्रत्येकाने निरोप्या व्हावे, निरोपाची नळी होऊ नये. जो मजकूर आपण आपल्या नावाने चावडीवर उभे राहून वाचणार नाही, तो पुढे धाडू नये. ज्याच्याविषयी वाईट ऐकले, त्याला आधी भेटून विचारावे. आणि ज्याला धीराचे चार शब्द लिहिले, त्याच्या घरची पायरी शक्य होईल तेव्हा चढावी. संत योहानाने आपल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी लिहिले आहे, की सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते कागद व शाई यांनी नको. प्रत्यक्ष भेटून बोलू, म्हणजे आनंद परिपूर्ण होईल. त्याने पत्र लिहिलेच, टाळले नाही; पण ते भेटीची वाट म्हणून लिहिले.