टाळी वाजविण्यापूर्वी

इटलीतील वेरोना नगरीत पहिल्या शतकातील रोमन अ‍ॅम्फिथिएटर आहे. व्हेर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त १९१३ साली तेथे ‘आयदा’ हा ऑपेरा उघड्या आकाशाखाली सादर झाला आणि उन्हाळी संगीतमहोत्सवाची परंपरा सुरू झाली. विद्यार्थिदशेत एका मित्रासमवेत मी तेथे गेलो होतो. दिवसभर उन्हाने तापलेल्या दगडी पायऱ्यांवर आम्ही बसलो. अंधार पडताच प्रेक्षकांनी छोट्या मेणबत्त्या पेटविल्या. शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी आपल्या ज्योतीवर माझी वात पेटवून दिली. हजारोंचा समुदाय निःशब्द झाला.

मध्यंतरात मित्र हळूच म्हणाला, “याच पायऱ्यांवर बसून लोक माणसांच्या जीवघेण्या झुंजी पाहत. त्या काळी आपण असतो, तर टाळ्या वाजविल्या असत्या का रे?”

‘नाही’ म्हणायला जीभ धजेना. गर्दीत शिरलेला माणूस आपला विवेक किती सहज गर्दीच्या स्वाधीन करतो! तरीही समुदायाला सरसकट दोष देता येत नाही. त्या रात्री ज्योतही मला समुदायातूनच मिळाली होती. ती वाऱ्यापासून जपणे मात्र ज्याचे त्याचे काम होते. विवेकाचेही तसेच आहे. सारे टाळ्या वाजवीत असताना ‘कशासाठी?’ असे स्वतःला विचारण्याइतका वेळ आपण थांबतो काय?