मोजता येईल तेच बांधून घाल

चि. अनिकेत यास,


क्लबच्या नियम समितीवर तुला घेतल्याचं कळलं. ओहायोत मी चौदा वर्षं फॉर्म्युला व्ही वर्गातली शर्यतीची गाडी चालवली, त्या हक्काने चार शब्द सांगतो.

हा वर्ग एससीसीएने, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेने, १९६३ साली मान्य केला, तो पगारदार माणसाला परवडावा म्हणून. फोक्सवॅगन बीटलचं १२०० सीसीचं इंजिन, तिचाच गिअरबॉक्स, तिचेच ड्रम ब्रेक, एकच कार्ब्युरेटर. चौकट मात्र ज्याची त्याने बांधायची. बीटलच्या स्विंग अ‍ॅक्सलला वळणावर मागचं चाक पोटाखाली दुमडायची खोड होती. लोकांनी डोकं लढवून मागच्या दोन्ही चाकांना मिळून एकच स्प्रिंग बसवली. दोन्ही चाकं एकदम वर आली तरच ती दबते. गाडीचं कलणं आवरायचं काम पुढच्या सस्पेंशनवर येतं. खर्च किती, तर थोडे पाइप आणि एका रात्रीचं वेल्डिंग. अशी मोकळीक कधी काढून घेऊ नकोस.

आता दुसरी बाजू. इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे कार्ब्युरेटरपासून इंजिनापर्यंतची नळी, मूळचाच हवा, असा नियम होता. मी एकदा असा ‘मूळचा’ विकत घेतला, टायरच्या अख्ख्या सेटहून महाग. बाहेरून जुनाट, रंग उडालेला. आत बोट घातलं तर घासून काचेसारखा गुळगुळीत केलेला. ‘मूळचा’ हा शब्द कशाने मोजणार? शेवटी नियमात नळीच्या बाहेरच्या व्यासाची मापं द्यावी लागली. बंदी घातली म्हणून पैसा थांबत नाही रे, तो दिसणार नाही अशा जागी जाऊन बसतो.

आणि स्वस्त भाग कायम स्वस्त राहत नाही. फॉर्म्युला फोर्ड हा दुसरा वर्ग १९६७ साली इंग्लंडात सुरू झाला; पुढे त्याच्या केंट इंजिनाचे सुटे भाग महागले. तेव्हा अमेरिकेत इंजिन खुलं सोडलं नाही. होंडा फिटचं इंजिन हवा रोखणारा रेस्ट्रिक्टर लावून जोडीला आणलं, जुन्या गाड्याही धावत राहिल्या. दरवर्षी नियम बदलून कुणाची गाडी भंगारात काढू नकोस. त्याहून मोठा खर्च नाही.

नवा नियम लिहिलास की कागद घेऊन तपासणीच्या शेडमध्ये जा. व्हर्नियर हातात धरून उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला विचार, हे शर्यतीनंतर तुला तपासता येईल का? त्याने होकारार्थी मान हलवली नाही, तर ती ओळ खोडून टाक.

तुझा,
श्रीधरकाका