दम्याचा सुपरमॅन

मालेगावच्या सुपरमॅनला दमा आहे. जगाला वाचवायला निघतो आणि धापा टाकतो, कारण गावात धूळ फार.

शेख नासिर यांचा तिथे व्हिडिओ पार्लर होता. लग्नाची शूटिंगं करतात तसल्या कॅमेऱ्यावर, जेमतेम 50 हजारांत, त्यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ काढला. डाकूंना घोडे परवडेनात, मग डाकू सायकलवर आले. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ करताना क्रेन लागली, तर बैलगाडीवर कॅमेरा चढवला. नायक शफिक शेख, यंत्रमागावर राबणारा, हाडकुळा माणूस. ही सगळी धडपड फैजा अहमद खान यांच्या 2008 च्या माहितीपटात आहे, आणि खरं सांगायचं तर मूळ सिनेमाइतकाच तोही हसवतो.

करुण प्रसंगात नायकाची खोटी मिशी सुटली की सिनेमा संपला. विनोदी सिनेमात तीच मिशी वरकमाई. खिसा रिकामा असलेला माणूस विनोदाकडे वळतो तो असा हिशेबानं. पण नुसत्या गबाळेपणावर माणूस पाच मिनिटं हसतो, नंतर मोबाईल काढतो. मालेगावात लोक बसून राहिले, कारण तो दमा त्यांच्या ओळखीचा होता. शुक्रवारी माग बंद असतात. आठवडाभर कापसाचा तूस छातीत घेणाऱ्यांनी सुट्टीच्या दिवशी पडद्यावर आपलाच खोकला ऐकला. महागड्या स्टुडिओत हा विनोद कुणी कापला नसता, मुळात तो सुचलाच नसता.

रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ 2025 मध्ये थिएटरात आला. चांगला आहे, डोळ्यांत पाणीही आणतो. फक्त त्यातली अडचण कलाविभागानं नीट मांडून ठेवलेली आहे. नासिरभाईंना ती फुकट मिळाली होती.

आमच्या नागपूरच्या नंदनवनात कुणी असा सिनेमा काढायचं मनावर घेतलं, तर सुपरमॅन मे महिन्याच्या उन्हात उडेल कसा, हाच पहिला प्रश्न. चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवूनच निघावं लागेल. त्यात त्याच्या लाल चड्डीला खिसा नाही, म्हणजे आई आधी तो शिवून देणार. दुपारी बारा ते चार कुणावर संकट आलं तर कूलरसमोरून उठायचं की नाही, हाही त्याच्यापुढचा धर्मसंकटाचा प्रसंग. कॅमेरा काय, आता प्रत्येकाच्या हातात आहे. गल्लीतली पोरं रोज काहीतरी शूट करतच असतात. बहुतेकदा मुंबईच्या कुणाची तरी नक्कल असते, हे मला खटकतं. पण दुपट्ट्यातला हा गडी मी पानठेल्यावर सांगून पाहिला, तर नायक व्हायला तिघं लगेच तयार. खलनायक कोण, यावर मात्र अजून भांडण चालू आहे बे!